नाका उठला, परमिट नाही उठले : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सेमाडोहला चहाच्या टपरीसमोर उभ्या असलेल्या तीन गाड्यांपासून हे पत्र सुरू करणे सोयीचे आहे. पहिली दहाचाकी. तिच्या काचेवरच्या पट्टीत मोठ्या अक्षरांत ‘नॅशनल परमिट’ रंगवलेले, मागच्या फाळक्यावरही तेच. दुसरी आयशर, नंबर एमएच-27चा, पाटी पिवळी. पण पट्टीत परमिटबद्दल अक्षर नाही, देवाचे नाव तेवढे आहे. तिसरा पिकअप, गवळ्यांच्या खव्याचे डबे आणि वर दोरीने आवळलेली ताडपत्री. तिन्ही गाड्या परतवाड्याहून घटांगमार्गे घाट चढून आल्या आहेत, तिन्ही हरिसालवरून धारणीला जाणार आहेत. इथपर्यंत तिन्हींचे कागद बरोबर आहेत असे समजू. धारणी ओलांडून भोकरबर्डीच्या पुढे मध्य प्रदेशची हद्द लागली, की दहाचाकीचे काही बिघडत नाही, पिकअपचेही बहुधा नाही. आयशर मात्र त्या क्षणापासून विनापरवाना धावू लागते. रस्ता तोच, चालक तोच, माल तोच.

हे आयशरच्या मालकाला कोणी सांगितले आहे का, एवढाच या पत्राचा विषय आहे.

मेळघाटात वर जातो तो किराणा, सिमेंट, लोखंड, खत. खाली येते सोयाबीन, हरभरा, मका. या भागाचा व्यवहार अमरावतीशी जितका, तितकाच बऱ्हाणपूर-खंडव्याशी आहे. धारणीच्या माणसाला बऱ्हाणपूरची पेठ अमरावतीपेक्षा जवळची. आपले प्रादेशिक कार्यालय मात्र अमरावतीला. धारणीहून तिथे पोचायचे म्हणजे पूर्ण मेळघाट उतरून, परतवाडा पार करून, सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर काटायचे. साहजिकच परमिटचे ज्ञान कार्यालयातून येत नाही. ते एजंटाकडून, गॅरेजमधून आणि टपरीवरून येते. टपरीवरचे सर्वांत लोकप्रिय मत असे : “गाडी लहान हाय, तिले काऊन लागते परमिट?”

गंमत म्हणजे हे मत अर्धे खरे आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 66 प्रमाणे कुठलेही परिवहन वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरायचे तर परवाना लागतो. त्याच कलमाच्या पोटकलम 3 मध्ये ज्यांना सूट आहे त्यांची यादी दिली आहे, आणि तीत 3,000 किलोपर्यंत सकल वजनाचे मालवाहू वाहन येते. म्हणजे ज्याला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात ती गाडी सुटली. पिकअपचे तसे नाही. काही मॉडेले 3,000 च्या आत बसतात, काही थोडी पुढे जातात, आणि दोन्ही बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. निर्णय आरसीवरच्या ‘सकल वजन’ या रकान्यावर होतो. सकल वजन म्हणजे गाडी अधिक माल, पण “पासिंग किती?” असे विचारले की मालक सांगतो ते नुसत्या मालाचे वजन. दीड टन पासिंगची गाडी त्याच्या हिशेबात दीड टनाचीच असते. गाडीचे स्वतःचे वजन तो धरतच नाही, आणि 3,000 ची रेघ आपण केव्हा ओलांडली हे त्याला कळत नाही.

त्यात अलीकडे साडेसात टनांची भर पडली. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला चालक 7,500 किलोपर्यंत सकल वजनाचे परिवहन वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. हजारो चालकांना दिलासा देणारा निकाल होता तो. मात्र तो लायसनचा होता, परमिटचा नव्हता. गावोगाव पोचेपर्यंत त्याचे रूप “साडेसात टनांपर्यंत काहीच लागत नाही” असे झाले. चालकाच्या कागदाची मर्यादा 7,500, गाडीच्या परमिटची 3,000; या दोन आकड्यांमध्ये वऱ्हाडातल्या बहुतेक मधल्या आकाराच्या गाड्या येतात. आपल्या खात्याने ही एक ओळ मराठीत छापून पेट्रोल पंपांवर चिकटवली असती, तरी पुष्कळ काम झाले असते.

दुसरा समज याहून जुना आहे : माल घरचा असेल तर परमिट कशाला? कलम 66 चे उत्तर असे, की मालवाहू परवान्यावर धारकाने स्वतःच्या व्यापारधंद्याचा माल वाहणे हेही परवान्याचेच काम आहे. 1939 च्या जुन्या कायद्यात भाड्याने माल वाहणारा आणि स्वतःचा माल वाहणारा यांचे परवाने निराळे असत. 1988 च्या कायद्याने तो भेद ठेवला नाही. म्हणजे परतवाड्याच्या दुकानदाराने स्वतःच्या दुकानाचे सिमेंट स्वतःच्या आयशरमधून धारणीला नेले, तरी आयशरला परमिट हवेच. तीच आयशर माल उतरवून रिकामी परतत असली तरीही हवेच, कारण कायदा ‘प्रत्यक्षात माल असो वा नसो’ असे स्पष्ट म्हणतो. रिकामी गाडी दुरुस्तीसाठी नेत असाल, तर मात्र सूट आहे. हा बारकावा ठाऊक असलेला मालक या रस्त्यावर सापडणे कठीण, आणि तो सांगणारा एजंट त्याहून कठीण.

आता भोकरबर्डीची हद्द.

महाराष्ट्राच्या परिवहन प्राधिकरणाने दिलेले परमिट राज्यातल्या राज्यात चालते. त्यात क्षेत्र राज्यभर लिहिलेले असले, तर अमरावतीत काढलेल्या परमिटवर कोल्हापूरपर्यंत जाता येते. दुसऱ्या राज्यात ते चालायचे, तर कलम 88 प्रमाणे तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. याला एक अपवाद आहे. प्रवासाची सुरुवात आणि शेवट एकाच राज्यात असेल आणि मधला तुकडा दुसऱ्या राज्यातून जात असेल, तर तो तुकडा 16 किलोमीटरपर्यंत असल्यास प्रतिस्वाक्षरीची गरज नाही. सीमेवरच्या वाकड्यातिकड्या रस्त्यांचा विचार कायदा करणाऱ्याने केलेला दिसतो. पण धारणीचा त्यात निभाव लागत नाही. धारणीहून रावेर किंवा जळगावला सोयाबीन न्यायचे, तर सोयीचा रस्ता बऱ्हाणपूरवरून जातो. दोन्ही टोके महाराष्ट्रात, आणि मधला तुकडा 16 किलोमीटरहून कितीतरी जास्त. परमिट राखायचे तर आयशरने उलटे फिरून सेमाडोह, परतवाडा, अकोट, अकोला असा वळसा घालायचा. डिझेल कोणाच्या खिशातून जाणार, हे सांगायला नको.

सरळ उपाय नॅशनल परमिट. ही योजना 1975 ची. पूर्वी गृहराज्य धरून किमान चार राज्ये निवडावी लागत आणि राज्यागणिक वर्षाला 5,000 रुपये भरावे लागत. पैसे त्या त्या राज्याच्या नावे वेगळे. मे 2010 पासून ही कटकट गेली. वर्षाला 15,000 रुपये एकत्रित शुल्क भरा आणि देशभर फिरा, अशी व्यवस्था आली. पुढे हे शुल्क 16,500 झाले. शिवाय गृहराज्याच्या प्राधिकारपत्राचे 1,000. दोन चालक ठेवण्याची अटही 2018 मध्ये निघाली. लांब पल्ल्याच्या दहाचाकीला हा सौदा स्वस्त आहे. नागपूर-कोलकाता धावणाऱ्याला 16,500 म्हणजे टायरच्या एका जोडीचाही खर्च नाही.

पण सेमाडोहच्या टपरीवरची आयशर कोलकात्याला जात नाही. तिला हंगामात काही खेपा बऱ्हाणपूरला करायच्या असतात, संत्र्यांच्या आंबिया बहारात वरूड-मोर्शीकडून मुलताईकडे काही फेऱ्या, आणि उरलेले वर्ष जिल्ह्यातच. तिच्या मालकासमोर आज दोनच रस्ते दिसतात. काही खेपांसाठी पूर्ण वर्षाचे शुल्क भरायचे, नाहीतर “पाहू, कोण पकडते” म्हणत जायचे. दुसरा रस्ता किती जण धरतात याचा आकडा कोणाकडे नसेल. पण बऱ्हाणपूरच्या बाजारात उभ्या असलेल्या एमएच-27 आणि एमएच-30 च्या गाड्यांच्या पट्ट्या वाचत जावे, अंदाज येतो.

तिसरा रस्ता कायद्यात आहे. कलम 87 नुसार जास्तीत जास्त चार महिन्यांचे तात्पुरते परमिट मिळते. कारणांत ‘हंगामी धंदा’ आणि ‘विशिष्ट तात्पुरती गरज’ ही दोन्ही सरळ नावे घेऊन लिहिली आहेत. संत्र्याचा बहार हा हंगामी धंदा नसेल तर कुठला? आणि कलम 88 च्या पोटकलम 7 मध्ये असेही आहे, की असे तात्पुरते परमिट दुसऱ्या राज्यातही चालेल. अट एवढीच, की त्या राज्याच्या प्राधिकरणाची संमती हवी, मग ती एकेका प्रकरणापुरती असो की सर्वसाधारण. सर्वसाधारण या एका शब्दात मेळघाटची अडचण सुटू शकते. अमरावती, अकोला, बुलढाणा हे आपल्या बाजूचे आणि बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर हे पलीकडचे जिल्हे धरून मध्य प्रदेशाची अशी संमती असेल, तर ती धारणीच्या बाजार समितीत मराठीत लावून टाका. नसेल, तर मागा.

हे काही जगावेगळे मागणे नाही. अमेरिकेत राज्याराज्यांचे कर आणि नोंदणी वेगवेगळी आहे. तरी ज्या ट्रकला कायमची आंतरराज्य नोंदणी परवडत नाही, त्याला अनेक राज्ये एका खेपेपुरता, बहुधा 72 तासांचा परवाना विकतात. आपल्याकडेही पर्यटक गाड्यांसाठी केंद्राने 1 एप्रिल 2021 पासून अखिल भारतीय परवाना तीन-तीन महिन्यांच्या हप्त्याने घेण्याची सोय केली. चिखलदऱ्याला पर्यटक नेणाऱ्या गाडीला तिमाहीचा हिशेब चालतो आणि तिच्याच मागे घाट चढणाऱ्या संत्र्याच्या गाडीला चालत नाही, हे समजावून सांगणे कुठल्याही अधिकाऱ्याला जड जाईल.

नॅशनल परमिटवाल्यांचाही एक गैरसमज आहे. देशभर फिरा याचा अर्थ कुठूनही कुठेही भाडे मारा असा नाही. परराज्यातल्या दोन ठिकाणांमध्ये माल उचलून उतरवायला या परवान्याला मनाई आहे. एमएच-27 ची दहाचाकी अमरावतीचा कापूस घेऊन इंदूरला जाईल, इंदूरचा माल अमरावतीला आणेल. इंदूर ते भोपाळ भाडे मात्र तिला करता येत नाही. युरोपीय संघात परदेशी ट्रकला माल उतरवल्यावर सात दिवसांत अशा तीन खेपा करू देतात. आपल्याकडे शून्य. त्यामुळे रिकामे परतणे किंवा लपून भाडे मारणे, हेच पर्याय राहतात. हा नियम केंद्राचा आहे, आपल्या हातातला नाही, हे मान्य; म्हणून इथे त्यावर जास्त बोलत नाही.

जंगलाच्या रस्त्यावर आणखी एक गुंता असतो. परतवाड्याचा सागवान डेपो प्रसिद्ध. तिथल्या लिलावात घेतलेले लाकूड घेऊन निघालेल्या चालकाकडे वनखात्याचा वाहतूक पास असतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. वननाक्यावर टीपी पाहून, लाकडावरचे हातोड्याचे शिक्के तपासून गाडी सोडली, की चालकाला वाटते आपले सगळे सरकारी कागद झाले. टीपी मालाचा असतो, परमिट गाडीचे. एक असले म्हणजे दुसरे माफ होत नाही. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनी गौण वनोपजासाठी वाहतूक पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडेही आला. वनखात्याने 29 डिसेंबर 2023 पासून देशभर एकच ऑनलाइन पास देण्याची व्यवस्था सुरू केली. म्हणजे लाकडाचा कागद गाडीच्या कागदापेक्षा सोपा झाला आहे! वनखात्याला जे जमले ते परिवहन खात्याला सीमेवर जमू नये?

आता नाक्यांचे. मध्य प्रदेशाने 1 जुलै 2024 पासून आपले परिवहन नाके बंद केले. आपल्याकडेही सीमा तपासणी नाके गुंडाळण्याचा विचार 2025 मध्ये परिवहन मंत्र्यांनी बोलून दाखवला. नाक्यांवर काय चालत असे, ते ट्रकवाल्यांना नव्याने सांगायला नको. ते गेल्याचे दुःख कोणाला नाही. पण नाका हीच अनेकांसाठी एकमेव जागा होती, जिथे “तुझं परमिट कुठं आहे?” असा प्रश्न समोरासमोर विचारला जाई. तो प्रश्न विचारणारा गेला, आणि प्रश्नच गेला असा समज पसरला. प्रत्यक्षात फिरती पथके आहेत, आणि दंड तर वाढला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 192-अ प्रमाणे विनापरवाना गाडी चालवल्यास पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम 207 प्रमाणे गाडी अडकवून ठेवता येते ती वेगळी. नाशवंत माल भरलेली गाडी ठाण्याच्या आवारात दोन दिवस उभी राहिली, तर दंडाची रक्कम विसरायला होते.

त्याहून मोठा धोका विम्याचा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकच्या प्रकरणात सांगितले, की परमिट नसणे हा मूलभूत भंग आहे. विमा कंपनीने पीडिताला भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी. सेमाडोहच्या वळणांवर अपघात नवे नाहीत. 23 सप्टेंबर 2024 ला अमरावतीहून धारणीकडे जाणारी खासगी बस इथे पुलाखाली कोसळली, तिच्यात नोकरीवर निघालेले शिक्षक-कर्मचारी होते. अशा रस्त्यावर विनापरवाना आयशर चालवणारा माणूस दरवेळी आपले घर आणि शेत पणाला लावतो, आणि बहुतेकदा त्याला ते ठाऊक नसते.

कायद्यात सौजन्याच्या जागाही आहेत, त्याही कोणी सांगत नाही. पूर, दरड, रस्ता बंद अशा कारणाने गाडीला ठरलेला मार्ग सोडून दुसऱ्या, अगदी दुसऱ्या राज्यातल्या रस्त्यानेही जावे लागले, तर त्या वळणापुरते परमिट लागत नाही. पावसाळ्यात घाटात झाड आडवे होते त्या दिवशी ही सूट कामाची आहे. आजारी माणसाला नेण्यासाठी किंवा संकटात अन्न-औषध पोचवण्यासाठी विनापरवाना गाडी वापरली तर 192-अ लागू होत नाही. मात्र सात दिवसांत प्राधिकरणाला कळवावे लागते. मेळघाटात रात्री-अपरात्री बाळंतिणीला खाली नेणाऱ्या गाड्या कमी नाहीत. सात दिवसांत कळवायचे असते हे ठाऊक असलेले गाडीवाले किती?

आणि मालक वारला तर? परमिट त्याच्याबरोबर लगेच संपत नाही. कलम 82 प्रमाणे वारसाने मृत्यूपासून 30 दिवसांत कळवले, तर तीन महिने तो गाडी चालवू शकतो आणि त्या मुदतीत परमिट आपल्या नावे करून घेऊ शकतो. ज्या घरात तेराव्यानंतरही कागदपत्रांची पेटी कोणी उघडलेली नसते, तिथे हे 30 दिवस कधी जातात कळत नाही.

खात्याचे उत्तर ठाऊक आहे : सगळे ऑनलाइन आहे. खरे आहे. अर्ज, शुल्क, प्राधिकारपत्र घरबसल्या होते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला कागद 2018 पासून मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. पण सिपना नदीच्या खोऱ्यात मोबाईलची रेंज असलेली जागा शोधत चालक गाडीभोवती फिरतो, तेव्हा त्या ग्राह्यतेचा उपयोग होत नाही. तपासणाऱ्या निरीक्षकाच्या यंत्रालाही तीच रेंज लागते. म्हणून या भागातल्या मालकांना एक साधा सल्ला याच पत्रातून : परमिटची आणि आरसीची छापील प्रत गाडीत ठेवा, आणि परमिट पाच वर्षांनी संपते, त्याच्या किमान 15 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करा.

आपल्याकडे मागणी तीन गोष्टींची आहे. सेमाडोह, धारणी आणि बैतूल रस्त्यावर बहिरम या तीन ठिकाणी मराठीत आणि कोरकूत फलक लावा. त्यावर 3,000 आणि 7,500 हे दोन आकडे, हद्दीपुढे काय लागते आणि तात्पुरते परमिट कसे मिळते, एवढेच असू द्या. धारणीत ठरलेल्या तारखेला कॅम्प घ्या, आणि तिथे परमिटचा अर्ज एजंटाशिवाय भरून द्या. आणि मध्य प्रदेशाच्या परिवहन आयुक्तांना सर्वसाधारण संमतीबद्दल एक पत्र लिहा. आंबिया बहाराची तोडणी पावसाळा ओसरता ओसरता सुरू होते. तोपर्यंत ते पत्र निघावे, ही विनंती.

सेमाडोह, ता. चिखलदरा, जि. अमरावती